खाटेवरचे ऊन

सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलेल्या मुलीने वकिली का करावी, हा प्रश्न नाशिकच्या कोर्टात पहिली दोन वर्षे मला सतत कुणी ना कुणी विचारत असे. माझे उत्तर ठरलेले होते. डॉक्टरही ग्राहक कायद्याच्या कक्षेत येतात, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने नव्वदच्या दशकाच्या मध्याला दिला होता आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक मंचात वैद्यकीय हलगर्जीपणाच्या तक्रारी दाखल होऊ लागल्या होत्या. त्या चालवणाऱ्या वकिलांपैकी बहुतेकांना केसपेपर वाचता येत नव्हता. गंगापूर रोडवरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये वर्षभर काम केल्यामुळे मला डॉक्टरांचे अक्षर लागत होते आणि आकड्यांचा अर्थही कळत होता. या शहरात केवळ असेच खटले चालवणारी पहिली वकील आपण व्हायचे, असे मी ठरवून टाकले होते. ठरवले की ते घडतेच, असा माझा तोपर्यंतचा अनुभव होता.

ज्यांच्या हाताखाली मी काम शिकले, ते माझे सीनियर मोटार अपघाताच्या दाव्यांतले जुने वकील. कुणाचा पाय किती टक्के गेला आणि त्याचे किती मागायचे, हे त्यांना फाइल न उघडता सांगता येई. मला ते ‘शास्त्रज्ञ’ म्हणत. त्यात थट्टा होती आणि थोडे कौतुकही असावे. वैद्यकीय तक्रारींना ते हात लावत नसत. म्हणून हरसूलकडच्या एका पाड्यावरची एक बाई तुटका हात घेऊन ऑफिसात आली, तेव्हा त्यांनी तिला माझ्या टेबलाकडे पाठवले आणि म्हणाले की हे नीट चालवून दाखव, बाहेरच्या पाटीवर माझ्या नावाखाली तुझे नाव लावतो.

हात तुटका होता असे म्हणणे खरे तर चूक. हाड जुळले होते. पण उजव्या हाताची बोटे आत वळून पक्ष्याच्या पंज्यासारखी घट्ट झाली होती आणि ती उघडत नव्हती. मी पुस्तकात पाहिलेले हे चित्र समोर प्रत्यक्ष पाहत होते. हातावर प्लास्टर घट्ट बसले आणि आत सूज वाढत गेली, तर रक्तपुरवठा थांबतो. वेळेत प्लास्टर कापले तर हात वाचतो. काही तास गेले तर स्नायू मरतात आणि मग असा हात उरतो.

बाई विशीतली होती. भात काढून झाला की पाड्यावरची माणसे मुकादमाबरोबर नाशिकला मजुरीला येतात, तशी ती नवऱ्यासोबत बांधकामावर आली होती. डिसेंबरातल्या एका सकाळी ती पायाडावरून पडली. ठेकेदाराने तिला एका खासगी दवाखान्यात नेले आणि बिल भरले. साडेअकराला प्लास्टर झाले आणि ते रात्री साडेआठला कापले गेले. हे दोन्ही आकडे दवाखान्याच्या कागदांवर होते. मधल्या नऊ तासांत काय झाले, हा सगळा खटला होता. केसपेपरवर लिहिले होते की रुग्णाने दुखत असल्याची तक्रार पहिल्यांदा पावणेआठला केली. तिचे म्हणणे होते की ती दुपारपासून रडत होती, नर्सने दोनदा इंजेक्शन दिले आणि गप पड म्हणून सांगितले.

मी पाच हाडांच्या डॉक्टरांना भेटले. चौघांनी चहा पाजला, एकाने तोही नाही. लिहून कुणीच दिले नाही. तज्ज्ञाचे मत नाही म्हटल्यावर माझ्याकडे पाठ्यपुस्तकातली पाने आणि तिच्या तोंडची हकीकत एवढेच राहिले. त्या हकीकतीला वेळ हवी होती, मिनिटांसह.

मी तिला विचारले, दुखायला किती वाजता लागले? (मी तिला ‘तू’ म्हणत होते आणि ती मला ‘बाई’. त्यात काही वावगे आहे, असे मला तेव्हा वाटले नाही.)

“ऊन खाटंवर आलं तवा,” ती म्हणाली. “नि ऊन उतरून गेलं तवा बोटं निळी पडली होती. मंग मला बोटं हायेत का नाय तेच कळंना.”

तिला घड्याळ कळत नव्हते. ती शाळेत गेली नव्हती. पण तिची खाट पश्चिमेच्या खिडकीजवळची होती, हे तिला पक्के आठवत होते, आणि दिवसभर पडल्यापडल्या दुसरे पाहण्यासारखे तिथे काही नव्हते. मला अतिशय आनंद झाला. अशिक्षित साक्षीदाराकडून मोजता येईल अशी वस्तू मिळाली होती. दवाखान्यात कुणाला तरी भेटायला आल्यासारखे करून मी त्या वॉर्डात गेले. बाकावर बसून राहिले आणि ऊन त्या खाटेवर कधी येते, कधी जाते, ते वहीत टिपले. पावणेचारला आले. साडेसहाला समोरच्या इमारतीआड गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन पडताळून पाहिले. एक निरीक्षण पुरत नाही, हे आम्हाला प्रयोगशाळेत पहिल्याच वर्षी शिकवलेले.

प्रतिज्ञापत्रात मी लिहिले की दुपारी तीन वाजून पंचेचाळीस मिनिटांनी तक्रारदारास असह्य वेदना सुरू झाल्या आणि सायंकाळी साडेसहाच्या सुमारास बोटे निळी पडली. उन्हाचा उल्लेख मी केला नाही. तो मला अडाणीपणाचा वाटला. मंचापुढे माझ्या अशिलाने व्यवस्थित दिसावे, असे मला वाटत होते. सही घेण्याआधी कायद्याप्रमाणे मी तिला सगळा मजकूर वाचून दाखवला, थोडा भराभरा.

“उनाचं नाय लिवलं?” तिने विचारले.

“तेच लिहिलंय,” मी म्हणाले. “घड्याळात.”

तिने मान हलवली आणि डाव्या हाताचा अंगठा उमटवला.

हे सगळे मे महिन्यात चालले होते. ते मी आत्ता लिहिते आहे. तेव्हा मे महिना आहे याची नोंद माझ्या वहीत तारखेच्या रूपाने होती आणि डोक्यात कुठेच नव्हती.

ग्राहक मंचात उलटतपास बहुधा लेखी प्रश्नांनी होत असे. दवाखान्याच्या वकिलांनी मात्र तिला समक्ष तपासण्याची परवानगी मागितली आणि ती मिळाली. ते पन्नाशीचे गृहस्थ होते. आवाज कधी चढवत नसत आणि समोरच्या साक्षीदार बाईला ताई म्हणत. त्यांनी तिला पाणी हवे का विचारले, पाड्यावर भात कसा झाला तेही विचारले. ती सैल झाली. मग त्यांनी प्रतिज्ञापत्र उचलले.

“ताई, घड्याळ कळतं का तुम्हाला?”

“नाय.”

“मग हे साडेसहा कसं सांगितलंत?”

“खाटंवरचं ऊन गेलं तवा.”

“खाटेवरचं ऊन गेलं तेव्हा साडेसहा वाजले होते. बरोबर?”

तिने माझ्याकडे पाहिले आणि हो म्हटले, कारण मी तिला तसेच वाचून दाखवले होते.

“तुम्ही पडलात तो महिना डिसेंबरचा. डिसेंबरात सहाला सूर्य मावळतो, ताई. साडेसहाला खाटेवर कुठलं ऊन होतं?”

मंचाच्या अध्यक्षांनी चष्मा काढून ठेवला. मला त्या क्षणी सगळे एकदम समजले, इतके स्वच्छ की आधी का समजले नाही हेच कळेना. सूर्य उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात एका ठिकाणी मावळत नाही. मे महिन्यात ऊन त्या खाटेवर उशिरा येते आणि उशिरा जाते. डिसेंबरात ते लवकर आत शिरले असणार आणि लवकर गेले असणार. म्हणजे तिच्या वेदना मी लिहिल्या त्याच्या कितीतरी आधी सुरू झाल्या होत्या. तिची खरी हकीकत माझ्या लिहिलेल्या हकीकतीपेक्षा दवाखान्याला जास्त जड गेली असती. मी ती हलकी केली होती आणि वर खोटीही ठरवली होती.

हे बाईंनी लिहिले, एवढे म्हटले असते तरी ती सुटली असती. ते ती म्हणाली नाही. ती म्हणाली, “म्या खोटं नाय बोलले.” वकिलांनी मान डोलावली आणि ते खाली बसले. फेरतपासात काही विचारायचे आहे का, असे अध्यक्षांनी मला विचारले. उठून सांगायला माझ्याकडे दोन वाक्ये होती. मी काही विचारायचे नाही असे सांगितले.

तक्रार फेटाळली गेली. निकालात म्हटले होते की तक्रारदाराने सांगितलेल्या वेळा मागाहून रचलेल्या दिसतात आणि तिचे कथन विश्वासार्ह नाही. पहिला भाग अक्षरशः खरा होता.

अपिलाला तीस दिवस होते. तिला निरोप पाठवले. ती आली नाही. मला कागदांवर तिचा अंगठा हवा होता, म्हणून एका शनिवारी मी हरसूलच्या एसटीने निघाले. स्टँडवर उतरून पाड्याची वाट विचारली, तर दुकानदाराने विचारले, “ती कोर्टातली?” आणि बाजूला बसलेल्यांकडे बघून हसला. निकाल माझ्याआधी तिथे पोचला होता. ठेकेदाराकडून मुकादमाला कळले होते आणि मुकादमाने सगळ्या पाड्यांवर सांगितले होते की ती बाई पैशासाठी कोर्टात खोटे बोलली आणि जजने तिचे खोटे पकडले. या हंगामात त्याने तिच्या नवऱ्यालाही टोळीत घेतले नव्हते. असल्या माणसांना नेले की उद्या माझ्यावरही केस होईल, असे तो म्हणाला होता.

घराच्या अंगणात तिची सासू नाचणी पाखडत होती. सून डाव्या हाताने तिला मदत करत होती, उजवा पदराखाली होता. मला पाहून ती उठली आणि पाणी घेऊन आली. शेजारच्या दोनतीन बाया आल्या, एक म्हातारा आला. मी कागद काढले आणि अपील म्हणजे काय ते समजावू लागले. थोडा वेळ ऐकून सासूने सूप खाली ठेवले.

“येक सांग, बाय. ही खोटं बोलली का नाय?”

मी नाही म्हणाले. मग मला सगळेच सांगावे लागले, मे महिना, वही, खिडकी. ते सांगताना माझी भाषा मलाच परकी वाटत होती. म्हातारा मध्येच हसला. म्हणाला, थंडीत ऊन भिंतीच्या पार आत येते आणि लवकर जाते, हे आमच्या शेळ्यांना पण ठावं हाय. बाया हसल्या. तीही हसली, पहिल्यांदाच.

सासू मात्र हसली नाही. “म्हंजे चूक तुजी.”

“हो.”

“तवा तू तिथंच होतीस?”

“होते.”

“मंग तिथं का नाय बोललीस? आमाला सांगून काय उपेग? आमी काय जज हाव?”

सुनेने तिला दंडाला धरून गप्प करायचा प्रयत्न केला. “जाऊ द्या ना आत्याबाई,” ती म्हणाली, “बाईंनी लय केलं माज्यासाठी.” हे वाक्य मला त्या प्रश्नापेक्षा जास्त लागले. अंगठा तिने दिला. पैशाबद्दल काही विचारले नाही. एवढेच विचारले की या दुसऱ्या कोर्टात तरी ते खोटं बोलल्याचं पुसून निघंल का.

परतीच्या बसमध्ये मी हिशेब मांडला, जसा कुठल्याही प्रश्नाचा मांडते. वेळा माझ्या होत्या, हे सिद्ध करायचे तर ते शपथेवर सांगणारी व्यक्ती एकच होती. आणि जो वकील स्वतः साक्षीदार होतो, त्याला त्या खटल्यात वकील म्हणून उभे राहता येत नाही. म्हणजे वकीलपत्र सोडायचे. ज्या खटल्यावर माझे नाव व्हायचे होते, तो दुसऱ्याच्या हातात द्यायचा आणि आपण पिंजऱ्यात उभे राहायचे. दुसरा काही मार्ग निघतो का, हे मी नाशिक येईपर्यंत शोधत होते. मार्ग निघाला असता तर मी तो घेतला असता, हे इथे लपवण्यात अर्थ नाही.

सीनियरांनी शांतपणे ऐकून घेतले.

“चुका सगळेच करतात, शास्त्रज्ञ,” ते म्हणाले. “खाली सही कुणी करत नाही. तू शपथेवर उभी राहिलीस की पुढच्या प्रत्येक खटल्यात समोरचा वकील तीच साक्ष फडकवेल. कायद्याच्या मुद्द्यावर अपील कर, त्या बाईलाही काहीतरी मिळेल.”

कायद्याच्या मुद्द्यावर अपील केले असते तर रक्कम कदाचित मिळाली असती. पण ती खोटे बोलली, हे तसेच राहिले असते. मी तसे म्हणाले. ते म्हणाले, मग माझ्या ऑफिसच्या नावाने नको. पाटीचा विषय त्यांनीही काढला नाही आणि मीही नाही. महिनाभराने मी माझ्या फाइली एका पिशवीत घालून बाहेर पडले आणि कोर्टाच्या आवारात झाडाखाली टेबल टाकले. आईवडिलांना मी यातले निम्मेच सांगितले.

माझ्या बरोबरीच्या एका वकील मैत्रिणीने तिचे वकीलपत्र घेतले. अपिलात राज्य ग्राहक आयोगाने माझे प्रतिज्ञापत्र दाखल करून घेतले आणि प्रकरण फेरसुनावणीसाठी परत नाशिकला पाठवले. यात वर्षाहून अधिक काळ गेला. मैत्रिणीने मंचाकडे अर्ज केला की डिसेंबरात मंचातर्फे पाहणी करणारा कमिशनर नेमून त्या वॉर्डातली उन्हाची वेळ नोंदवावी. दवाखान्याने हरकत घेतली. मंचाने ती फेटाळली. कमिशनर म्हणून गेलेल्या तरुण वकिलाने अहवाल दिला की ऊन त्या खाटेवर सव्वादोनला आले आणि साडेचारला गेले. म्हणजे प्लास्टर कापण्याआधी सहा तासांहून जास्त वेळ ती कळवळत होती आणि बोटे निळी पडून चार तास झाले होते. आकडे पाहून मला समाधान वाटायला हवे होते. मला त्या चार तासांत ती काय करत असेल, एवढेच दिसत राहिले.

मग माझा उलटतपास झाला. वकील तेच होते. त्यांनी मलाही ताई म्हटले.

माझे शिक्षण विचारून झाल्यावर ते म्हणाले, “निरीक्षण कसं करावं, हे शिकवतात ना तिथे?”

“शिकवतात.”

“आणि तरीही तुम्ही डिसेंबरातली गोष्ट मे महिन्यात मोजलीत?”

“हो. ऋतू विसरले.”

मागे कुणीतरी हसले. ते मात्र हसले नाहीत. त्यांना पुढचा प्रश्न महत्त्वाचा होता आणि मलाही तोच येणार हे माहीत होते.

“ही चूक तुमच्या लक्षात कधी आली?”

“तुम्ही तक्रारदाराला उन्हाबद्दल विचारलंत तेव्हाच.”

“त्या वेळी तुम्ही हजर होतात. फेरतपासाची संधी होती. तुम्ही बोलला नाहीत. म्हणजे तेव्हा खोटं चालत होतं आणि आज खरं सोयीचं आहे, असं समजायचं का?”

घरी मी या प्रश्नाची चार उत्तरे तयार केली होती. त्यांपैकी प्रत्येकात कायद्याचे काहीतरी होते. ती बाजूच्या बाकावर सासूशेजारी बसली होती आणि माझ्याकडे बघत होती.

“मला तेव्हा माझी लाज वाचवायची होती,” मी म्हणाले. “तिला खोटं ठरवलं जाताना मी गप्प बसले.”

अध्यक्षांनी ते शब्दशः टंकलेखकाला सांगितले.

निकाल उन्हाळ्यात लागला. दवाखान्याने सेवेत कसूर केली, असे मंचाने ठरवले आणि भरपाई देण्याचा आदेश दिला. मागितली होती त्यापेक्षा बरीच कमी, आणि दवाखाना अपिलात जाणार हे त्याच दिवशी उघड झाले. पुढची कित्येक वर्षे तिला त्यातले काही मिळाले नाही, हेही आता सांगून टाकते. हाताचे तर काही होणारच नव्हते. नंतर मी असे अनेक खटले चालवले, बरेच जिंकलेही. ती साक्ष समोरच्या वकिलांनी खरोखरच फडकवली, दोनदा.

निकालाची प्रत घ्यायला ती एकटी आली होती. बावीस पाने होती. मंचाबाहेरच्या व्हरांड्यात मैत्रिणीने तिला भरपाईचा परिच्छेद समजावून सांगितला. तिने तो ऐकून घेतला आणि मग माझ्याकडे वळून विचारले, “माज्याबद्दल काय लिवलंय?”

मी पान काढले आणि या वेळी सावकाश वाचले. तक्रारदार निरक्षर असली तरी तिने घटनाक्रम सुरुवातीपासून एकसारखा सांगितला आहे आणि तिचे कथन विश्वासार्ह आहे. तिने पुन्हा वाचायला लावले. मग म्हणाली, “तेवढंच पान दे. बाकीचं तुज्याकडं ऱ्हाऊ दे. मुकादमाला वाचायला येतं.”

त्या पानाच्या खालच्या अर्ध्या भागात माझ्याविषयी होते. पूर्वीच्या वकिलांनी योग्य पडताळणी न करता अशिलाच्या नावावर स्वतःच्या वेळा लिहिल्या आणि सत्य माहीत झाल्यावरही मौन पाळले, याबद्दल मंचाने नापसंती नोंदवली होती, माझ्या संपूर्ण नावानिशी. आम्ही त्या पानाची प्रत काढायला गेलो. झेरॉक्सवाल्याने पान काचेवर ठेवले आणि विचारले, पूर्ण काढू की वरचे एवढेच? बऱ्याच जणांना फक्त कामाचा मजकूर हवा असतो.

मी पूर्ण काढायला सांगितले. तिने पानाची घडी डाव्या हाताने आणि दातांनी घातली, पोलक्यात खोचली आणि हरसूलची गाडी किती वाजता आहे म्हणून विचारले. मी घड्याळात पाहून सांगितले. मग समोरच्या एसटी स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीवर जाऊन पुन्हा विचारून आले.